सिमिलिपालचे काळे वाघ : पट्ट्यांमागचं जनुक आणि ताडोबाच्या दोन वाघिणी

ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलिपालच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपसमोरून अधूनमधून एक असा वाघ जातो की पहिल्या नजरेत तो वाघ वाटतच नाही. लोक त्याला काळा वाघ म्हणतात. फोटो मोठा करून पाहिला की लक्षात येतं, कातडीचा मूळ रंग नारिंगीच आहे. बदललेत ते पट्टे. पाठीवर आणि खांद्यांवर ते इतके रुंद झालेत की एकमेकांत मिसळून गेलेत, आणि नारिंगी रंग मधूनमधून फटीतून डोकावल्यासारखा दिसतो. काळ्या बिबट्यात सगळी कातडीच गडद होते, जवळून पाहिलं तर तिच्यात ठिपके शोधावे लागतात. इथे काळा रंग वाढलेला नाही, तो पसरला आहे. म्हणून शास्त्रीय भाषेत याला छद्म-कृष्णवर्ण म्हणतात.

सिमिलिपाल हा १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. क्षेत्र सुमारे २,७५० चौरस किलोमीटर, त्यातलं गाभा क्षेत्र जवळजवळ १,१९५. इतकं मोठं, सालवृक्षांचं, पाण्याचं जंगल, आणि २०२२ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत तिथे नोंदले गेले १६ वाघ. त्यातले १० काळे. देशात दुसरीकडे कुठेही, एकाही मुक्त वाघात हे पट्टे दिसलेले नाहीत.

या प्रकरणाचा अभ्यास करण्यासारखा भाग रंग हा नाही. रंग हा यंत्राच्या मापकावरच्या काट्यासारखा आहे. काटा लाल रेषेपलीकडे गेला म्हणून कुणी काटा मागे ओढत नाही, यंत्र उघडून पाहतात. सिमिलिपालबद्दल झालेल्या चर्चेत मात्र ‘काळे वाघ वाढवायचे की कमी करायचे’ या प्रश्नावर बरीच शाई खर्च झाली. जनुकशास्त्राने जे दाखवलं ते वेगळं आहे, आणि त्यावरून काय करायला हवं तेही वेगळं आहे.

रंगाचं जनुक कसं सापडलं

जंगलातल्या वाघांवर थेट हे काम करणं जवळजवळ अशक्य होतं. विष्ठेतून मिळणारा डीएनए तुटका असतो, त्यातून पूर्ण जीनोम, म्हणजे वाघाचा सगळा डीएनए, वाचता येत नाही, आणि कोणत्या वाघाचे आईबाप कोण हे ठाऊक नसतं. वाट निघाली प्राणिसंग्रहालयांतून. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये आणि त्या रक्तरेषेशी नातं असलेल्या बंदिस्त वाघांत, साध्या पट्ट्यांच्या जोडीला काळी पिल्लं झाली होती. साध्या आईबापांना वेगळं पिल्लू होतं तेव्हा गुण अप्रभावी असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. म्हणजे आई आणि बाप दोन्हीकडून जनुकाची बदललेली प्रत आली तरच तो दिसतो, एकीकडून आली तर वाघ नुसता वाहक राहतो.

बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी या बंदिस्त वाघांचे जीनोम वाचले, वंशावळ लावली, आणि काळ्या वाघांत दोन्ही प्रतींवर असलेला पण साध्या वाघांत कधीही दोन्ही प्रतींवर नसलेला बदल शोधला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात बोट ठेवलं गेलं टॅकपेप नावाच्या जनुकावर. डीएनएतलं एक अक्षर, सी च्या जागी टी. त्यामुळे प्रथिनातल्या ४५४व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन येतं. अक्षर एकच बदललं, पण जागा अशी की ती इतर सस्तन प्राण्यांत जशीच्या तशी टिकून आहे, म्हणजे तिथला बदल सहजी चालत नाही.

टॅकपेप हे नाव मांजरकुळावर काम करणाऱ्यांना नवं नव्हतं. पाळीव मांजरीच्या अंगावर सरळ पट्टे येणार की मोठे वळणदार डाग, ते याच जनुकातल्या बदलांवर ठरतं. आफ्रिकेतल्या ‘किंग’ चित्त्याचे मिसळलेले ठिपकेही याच जनुकातून येतात. तीन प्रजाती, तीन वेगवेगळे बदल, परिणाम एकाच जातीचा. त्यामुळे वाघातला हा दुवा योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही.

जंगलातला नमुना

पुढचा प्रश्न जंगलातला होता, आणि इथे कामाची तऱ्हाच बदलते. वाघ पकडायचा नाही, बेशुद्ध करायचा नाही. हाती येते ती विष्ठा, शिकारीवर राहिलेली लाळ आणि गळालेले केस. यात विष्ठा सर्वांत भरवशाची, कारण तिच्या बाहेरच्या थराला आतड्याच्या आतल्या पेशी चिकटलेल्या असतात. गळालेल्या केसाला मूळ नसेल तर केंद्रकातला डीएनए जवळजवळ नसतोच. लाळ चालते, पण शिकार ताजी हवी आणि जखमेच्या सुळ्यांच्या खुणांभोवतीच पुसून घ्यायला हवी, नाहीतर हरणाचाच डीएनए भरून येतो.

विष्ठेचं पोट फोडून आतला गोळा घेणं ही नवख्याची सर्वांत नेहमीची चूक. आत असतं ते सांबराचे केस आणि हाडांचा चुरा. घ्यायचा तो वरचा चकचकीत, वाळत आलेल्या शेंबडासारखा थर. बफर-द्रावणात भिजवलेला निर्जंतुक कापसाचा बोळा त्या थरावरून हलक्या हाताने फिरवून १ ते २ मिलिलिटर पेशीभंजक द्रावणात तोडून टाकायचा. किंवा वरचा थर खरवडून नमुन्याच्या किमान चौपट अल्कोहोलमध्ये बुडवायचा. अल्कोहोल कमी पडलं तर विष्ठेतलं पाणी ते पातळ करतं, नमुना कुजत राहतो, आणि बाटलीकडे पाहून ते कळत नाही. दर नमुन्याला नवा हातमोजा. लेबल पेन्सिलीने, एक बाटलीच्या आत आणि एक बाहेर. मार्करची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसली जाते, आणि मग जीपीएसच्या वहीत चाळीस नोंदी आणि हातात सदतीस ओळखीच्या बाटल्या अशी गत होते. बाकीच्या तीन फेकून द्याव्यात. अंदाजाने जुळवलेला नमुना हा नसलेल्या नमुन्यापेक्षा वाईट.

काळ कोरडा हवा. पावसाळ्यात शेणकिडे काही तासांत विष्ठा पसरवतात, पाणी वरचा थर धुऊन नेतं, आणि उष्णतेत जिवाणू उरलेला डीएनए कुरतडतात. सिमिलिपालसारख्या भरपूर पावसाच्या जंगलात हिवाळा ते उन्हाळ्याचा पूर्वार्ध एवढीच कामाची खिडकी.

प्रयोगशाळेत पहिली चाळणी प्रजातीची. मोठ्या बिबट्याची आणि लहान वाघाची विष्ठा आकाराने एकमेकांत मिसळते, डोळ्यांनी ठरवू नये. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला एक आखूड तुकडा, शक्यतो २०० अक्षरांच्या आतला, वाघालाच लागू पडणाऱ्या प्रायमरने (हवा तो तुकडा हेरणाऱ्या आखूड डीएनएने) वाढवून पाहायचा. आखूड यासाठी की लांब तुकडे विष्ठेत शिल्लक राहिलेलेच नसतात. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात, म्हणून इथे उत्तर आलं तरी पुढे केंद्रकातल्या डीएनएचं काम होईलच याची हमी नाही. पित्तक्षार आणि वनस्पतींची शर्करा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची ही प्रक्रिया, अडवतात. काहीच वाढलं नाही तर नमुना टाकून देण्याआधी अर्क दहापट पातळ करून पाहावा. अडवणारे पदार्थही पातळ होतात आणि पुष्कळदा वाट मोकळी होते.

नंतर वैयक्तिक ओळख. जीनोमभर विखुरलेल्या एकेका अक्षराच्या ठिकाणांचा संच एकाच नळीत वाढवायचा, त्यावर क्रमवाचन करायचं. तुकडे आखूड असल्याने खराब नमुन्यांवरही हे चालतं. सिमिलिपालच्या विश्लेषणात अशा ८१ ठिकाणांचा उपयोग झाला.

वाहक हातातून निसटतो तो इथे

या प्रकरणात एक चूक इतर सर्व चुकांपेक्षा महाग आहे. वाहक वाघाकडे एक साधी आणि एक बदललेली प्रत असते. विष्ठेतल्या डीएनएचे मोजकेच रेणू नळीत उतरतात. त्यातली एकच प्रत वाढली तर वाहक वाघ ‘शुद्ध साधा’ म्हणून नोंदला जातो. यंत्र कुठलीही तक्रार करत नाही, निकाल स्वच्छ दिसतो.

हिशेब असा. दोन्ही प्रती सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं तरी एका ठिकाणाचं वाचन चारदाच झालं, तर चारही वेळा एकच प्रत दिसण्याची शक्यता आठात एक, म्हणजे १२.५ टक्के. दहा वाचनं झाली तर ती पाचशेबारात एक. पण वाचनांची संख्या फुगवून समाधान मानू नये, कारण मुळात एकच रेणू वाढला असेल तर त्याच्या हजार प्रती वाचल्या तरी माहिती एकाच रेणूची. खरा उपाय म्हणजे त्याच अर्कावर स्वतंत्र पीसीआर, किमान तीन. समजा एका फेरीत प्रत निसटण्याची शक्यता २० टक्के आहे, तर तिन्ही फेऱ्यांत निसटण्याची ०.८ टक्के. शंका उरली तर त्याच वाघाची दुसरी विष्ठा शोधावी.

उलट बाजूची चूकही होते. प्राणिसंग्रहालयातल्या ज्ञात वाहकाचं रक्त तुलनेसाठी वापरलं जातं, आणि रक्तातला डीएनए विष्ठेपेक्षा कितीतरी पटींनी दाट. तो त्याच टेबलावर, त्याच दिवशी हाताळला तर प्रत्येक विष्ठेत ‘बदललेली प्रत’ सापडायला लागते. ज्ञात नमुना विष्ठेइतका पातळ करून आणावा, आणि प्रत्येक खेपेला एक रिकामी नळी शेवटपर्यंत सोबत न्यावी. रिकाम्या नळीत काही दिसलं तर अख्खी खेप रद्द.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

सिमिलिपालमधल्या १२ वाघांच्या २४ प्रतींपैकी १४ बदललेल्या निघाल्या. वारंवारता, म्हणजे एकूण प्रतींत बदललेल्या प्रतीचा वाटा, ०.५८. देशात आणि बाहेरच्या इतर वाघांच्या ३९५ नमुन्यांत एकही नाही.

०.५८ हा आकडा बातमीत ठाशीव दिसतो. २४ प्रतींवरून काढलेल्या अंदाजाला दोन्ही बाजूंनी साधारण ०.२ ची मोकळीक द्यावी लागते, म्हणजे खरी वारंवारता ०.४ पासून ०.८ पर्यंत कुठेही असू शकते. तरी दुसऱ्या बाजूने तो तपासता येतो. दोन्ही प्रती बदललेल्या असण्याचं अपेक्षित प्रमाण ०.५८ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३४ टक्के. कॅमेऱ्यांनी त्या काळात दाखवलेलं काळ्या वाघांचं प्रमाण ३७ टक्के. विष्ठा आणि कॅमेरा हे दोन वेगळे मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे आकड्यावर विश्वास बसतो. ३९५ मधल्या शून्याचंही तसंच. शून्य सापडलं याचा अर्थ शून्य आहे असा नव्हे. ७९० प्रतींत एकही नाही म्हणजे इतरत्र वारंवारता ०.४ टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता फार कमी, इतकंच. व्यवस्थापनासाठी तेवढं पुरेसं आहे.

आता जो आकडा कॅमेऱ्याला कधीच मिळत नाही तो पाहू. ०.५८ वरून शुद्ध साधे वाघ निघतात सुमारे १८ टक्के, वाहक ४९ टक्के, काळे ३४ टक्के. म्हणजे सिमिलिपालमध्ये नेहमीसारखा पट्टेदार वाघ दिसला, तर तो वाहक असण्याची शक्यता चारात जवळजवळ तीन. काळ्या वाघांची मोजणी करून या प्रतीचा प्रसार मोजतोय असं मानणारा तिचा निम्म्याच्या आसपास हिस्सा पाहतच नाही.

आणखी एक सावधगिरी. ३७ टक्के, मग २०२२ मध्ये १६ पैकी १०, मग ओडिशाच्या २०२३-२४ च्या स्वतःच्या गणनेत २७ पैकी १३. हे तीन ठिपके जोडून चढ-उताराची रेषा काढणं सोपं आहे, आणि चुकीचं. दहा-पंधरा वाघ जिथे प्रजनन करतात तिथे एका वाघिणीची तीन पिल्लं जगली की टक्केवारी हलते.

निवड की योगायोग

काळे वाघ इतके का वाढले, याचं मोहात पाडणारं उत्तर असं की दाट, सावलीच्या जंगलात गडद वाघ बरा लपतो आणि जास्त जगतो. शास्त्रज्ञांनी ही शक्यता थेट फेटाळली नाही, मोजली. सिमिलिपाल आणि इतर वाघ यांच्यातला जनुकीय फरक टॅकपेपच्या त्या ठिकाणी मोठा आला. निवड काम करत असती तर हे ठिकाण बाकीच्यांपेक्षा उठून दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही. इतर ठिकाणीही तितकाच मोठा फरक होता. थोडक्यात, सिमिलिपालचे वाघ सगळ्याच बाबतीत वेगळे पडलेत, आणि रंग हा त्या वेगळेपणाचा डोळ्यांना दिसणारा एक नमुना. ज्या जागा दिसत नाहीत, प्रतिकारशक्ती, शुक्राणू, हृदयाची जडणघडण, तिथे काय जमलंय ते फोटोत उमटत नाही.

यंत्रणा अगदी साधी आहे. समजा कधीकाळी चारच वाघांपासून ही संख्या पुन्हा उभी राहिली, आणि त्यातला एक वाहक होता. आठ प्रतींत एक, म्हणजे वारंवारता एका दिवसात १२.५ टक्के. हजार वाघांच्या संख्येत एखादी दुर्मीळ प्रत इथवर यायला युगं लागतील. मग दर पिढीत नाणं उडवल्यासारखे हेलकावे. याला ड्रिफ्ट म्हणतात. प्रजनन करणाऱ्यांची परिणामकारक संख्या एन असेल तर विविधता दर पिढीला एक भागिले दोन एन इतक्या हिश्शाने झडते. एन दहा असेल तर ५ टक्के, पाच असेल तर १० टक्के. वाघाची पिढी साधारण पाच वर्षांची. पन्नास वर्षांत, म्हणजे दहा पिढ्यांत, पहिल्या परिस्थितीत मूळ विविधतेचे ६० टक्के उरतात, दुसऱ्या परिस्थितीत ३५. सिमिलिपालमध्ये मोजलेली सरासरी विषमयुग्मता (ज्या ठिकाणी वाघाच्या दोन प्रती वेगळ्या असतात त्यांचा वाटा) ०.२८ होती, आणि इतर वाघांशी जनुकांची देवाणघेवाण जवळजवळ थांबलेली.

काळ्या पट्ट्यांनी वाघाचं काही बिघडतं, असं या अभ्यासातून निघत नाही. म्हणून ‘काळी प्रत काढून टाका’ हा कार्यक्रम होऊच शकत नाही. त्यासाठी वाहक वगळत गेलात तर चारातले तीन साधे वाघही प्रजननातून बाद होतील आणि विविधता आणखी घसरेल. आणि उलट दिशेला, काळे वाघ हीच ओळख म्हणून त्यांची बंदिस्त पैदास करणं म्हणजे काटा लाल रेषेपलीकडे चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

ताडोबाहून दोन वाघिणी

उपाय एकच उरतो, बाहेरून नवं रक्त. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या परवानगीने चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी प्रकल्पातून दोन तरुण वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. जमुना ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पोचली, झीनत नोव्हेंबरच्या मध्यावर. दोघींना आधी बंदिस्त कुंपणात ठेवून मग गळ्यात रेडिओ कॉलर घालून सोडलं.

मध्य भारतातून आणण्यामागचं गणित पटण्यासारखं आहे. तिथली वाघांची संख्या मोठी, जंगलं एकमेकांना बऱ्यापैकी जोडलेली, आणि दोन वाघिणी गेल्याने ताडोबाचं काही अडत नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या गणनेत ४४४ वाघ होते, आणि चंद्रपूरची अडचण वाघ कमी असण्याची नाही. फार दूरच्या, वेगळ्या परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या संख्येशी संकर केला तर पिल्लं कमकुवत निघण्याचा धोका असतो. इथे उपप्रजाती एकच, वेगळं पडणं अलीकडचं, त्यामुळे तो धोका किरकोळ. त्यापुढे अंतःप्रजननाचा धोका खरा.

मादी निवडण्यातही अर्थ आहे. नवा नर आला की आधीच्या नराशी झुंज होते, आणि तो जिंकला तर आधीची पिल्लं मारतो. इतक्या थोड्या वाघांत हा फटका परवडत नाही. मादीची जनुकं मात्र सावकाश पसरतात, एक नर तीन-चार माद्यांपर्यंत पोचतो तसं तिचं होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, आणि इथे सावध बाजू घेतली ती बरोबर.

निवड करण्याआधी तीन चाचण्या हव्यात आणि त्या स्वस्त आहेत. दोघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नाहीत ना, कारण बहिणी असल्या तर दोन वाघिणी नेऊन दीड वाघिणीचं रक्त मिळतं. दोघींची स्वतःची विषमयुग्मता कशी आहे. आणि टॅकपेपच्या ठिकाणी दोन्ही प्रती साध्या आहेत ना. ही तिसरी चाचणी रंगासाठी नव्हे, खुणेसाठी. का ते पुढे.

झीनत निघाली

सोडल्यावर पंधरवड्यात झीनतने सिमिलिपाल सोडलं. झारखंडमध्ये चाकुलियाच्या बाजूला गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये झाडग्राम, पुरुलिया, बांकुरा. २९ डिसेंबर २०२४ ला बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं, कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात तपासलं, आणि वर्षाच्या वळणावर परत सिमिलिपालला आणलं.

याला अपयश म्हणणं घाईचं आहे. अनोळखी जागी सोडलेला वाघ आधी फिरून पाहतो, तरुण वाघ जास्त फिरतो. कुंपणातले दिवस हा ओढा कमी करण्यासाठीच असतात, पण ते किती हवेत याचं ठरीव माप नाही. झीनतच्या भटकंतीतून एक गोष्ट फुकटात कळली. सिमिलिपालच्या उत्तरेला आणि पूर्वेला वाट आहे. वाघीण शेतांतून, गावांच्या कडेने, तीन राज्यांच्या हद्दी ओलांडून जिवंत जाऊ शकते. म्हणजे आजवर जनुकांची ये-जा थांबली ती केवळ वाट तुटल्याने नव्हे. वाटेच्या दुसऱ्या टोकाला वाघच जवळजवळ उरलेले नाहीत. भ्रमणमार्ग राखणं आवश्यक आहेच, पण रिकाम्या जंगलाकडे जाणाऱ्या मार्गाने वाघ जातो, जनुकं येत नाहीत.

ओडिशाला यात धडा आधीच मिळालेला होता. २०१८ मध्ये ओडिशातल्याच सातकोसिया व्याघ्र प्रकल्पात मध्य प्रदेशातून कान्ह्याचा वाघ महावीर आणि बांधवगडची वाघीण सुंदरी आणली. महावीर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेलेला सापडला, फासात अडकून झालेल्या जखमेने. सुंदरीवर माणसं मारल्याचा आरोप आला, गावं पेटली, तिला पकडून शेवटी मध्य प्रदेशात परत पाठवलं. जनुकीय आराखड्यात दोष नव्हता. फासे उचलले नव्हते आणि गावांना विश्वासात घेतलं नव्हतं. पिल्लं होण्याआधी वाघ मेला तर जनुकीय हिशेबात त्याची किंमत शून्य, हा नियम निर्दय आहे पण खरा आहे.

दोन पुरतील का

तुलनेला अमेरिकेतला फ्लोरिडाचा पँथर, म्हणजे तिथला प्यूमा, घ्यावा. १९९०च्या दशकात तिथे २० ते ३० प्राणी उरले होते, शेपटीला पीळ, पाठीवर उलटा भोवरा, नरांत वृषण खाली न उतरणं, हृदयाच्या पडद्याला भोक. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ प्यूमा माद्या आणल्या. आठांपैकी पाचच व्यायल्या. पाचांनी संख्या सुमारे तिप्पट व्हायला हातभार लावला, विषमयुग्मता दुप्पट झाली, दोष घटले. आणि २००३ पर्यंत उरलेल्या टेक्सासच्या माद्या काढून घेतल्या, कारण मूळ रेषा पुसून टाकायची नव्हती.

तिथे आठ माद्या पंचवीसेक प्राण्यांत गेल्या. इथे २७ वाघांत दोन. सगळ्यांनी सारखी पिल्लं दिली असं धरलं तरी नव्या रक्ताचा वाटा ७ टक्के. व्यायण्याचं प्रमाण फ्लोरिडासारखंच राहिलं तर दोघींतली एकच वंश पुढे नेईल असं धरून चालावं. दर पिढीला एक यशस्वी आगंतुक हा जुना ढोबळ नियम आहे, आणि त्यात ‘यशस्वी’ म्हणजे ज्याची पिल्लं पुढे व्यायली असा. सोडलेला नव्हे.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावरचं. १९९७ मध्ये एक लांडगा गोठलेल्या सरोवरावरून चालत आला. तो इतका यशस्वी ठरला की काही पिढ्यांत कळपातली निम्म्याहून अधिक जनुकं त्याच्या एकट्याची झाली. मग त्याचीच नातवंडं एकमेकांत व्यायली, आणि २०१६ मध्ये बेटावर दोनच लांडगे उरले. २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ आणावे लागले. एकदाच, एकाकडूनच आलेलं रक्त हे कर्ज आहे, त्याचे हप्ते पुढे भरावे लागतात.

पुढे काय मोजायचं

इथे टॅकपेपची ती तिसरी चाचणी कामाला येते. जमुना किंवा झीनत काळ्या नराशी जुळली तर तिची सगळी पिल्लं साध्या पट्ट्यांची आणि सगळी वाहक होतील. साध्या नराशी जुळली तरीही एकही पिल्लू काळं होणार नाही. म्हणजे पिल्लाचा रंग पाहून बाप ओळखता येणार नाही, आणि काळी पिल्लं दिसत नाहीत म्हणून प्रकल्प यशस्वी झाला असंही म्हणता येणार नाही. ती फक्त एका पिढीची पडदानशीनी. त्या वाहक मुली पुन्हा काळ्या नराशी जुळल्या तर निम्मी पिल्लं काळी. तेव्हा ‘काळे वाघ परत आले, प्रयोग फसला’ अशी हाकाटी होणार, हे आत्ताच धरून ठेवावं. ती काळी पिल्लंसुद्धा ताडोबाचं रक्त घेऊनच आलेली असतील.

विषमयुग्मतेचंही असंच. पहिल्या पिढीत ती सर्वांत जास्त दिसते, कारण प्रत्येक पिल्लाला एक प्रत ताडोबाची आणि एक सिमिलिपालची. अहवालात टाकायला हा आकडा फार देखणा असतो. नातवंडांत तो उतरतो. म्हणून मोजणी नातवंडांत करावी, आणि कॅमेऱ्यात पिल्लू दिसण्यावर न थांबता त्या पिल्लाची विष्ठा मिळवून आईबाप ठरवावेत.

त्यासाठी सर्वांत आधी आधाररेषा हवी. सिमिलिपालच्या आजच्या प्रत्येक प्रौढ वाघाचा, निदान प्रत्येक नराचा, जनुकीय नमुना या वाघिणींची पिल्लं आईला सोडून स्वतंत्र होण्याआधी हाती असायला हवा. वाघाची पिल्लं दीड-दोन वर्षांत सुटतात. त्यानंतर बापाचा नमुना शोधायला गेलात आणि तो नर दरम्यान मेला असेल, तर वंशावळीतली ती चौकट कायमची रिकामी राहते. आठ महिन्यांच्या पिल्लाची विष्ठा लहान असते आणि बिबट्याची म्हणून सहज वगळली जाते, तेव्हा कॉलर लावलेल्या वाघिणीच्या मुक्कामाच्या ठिकाणी, ती हलल्यावर, आकाराकडे न पाहता जे मिळेल ते सगळं उचलावं आणि प्रजातीची चाळणी प्रयोगशाळेवर सोपवावी.

पुढची वाघीण कधी आणायची, हेही पहिल्या दोघींच्या वंशावरून ठरवायचं. पाच वर्षांची पिढी धरली तर २०२९ च्या आसपास. त्या वेळी ती ताडोबाहूनच न आणता मध्य भारतातल्या दुसऱ्या एखाद्या प्रकल्पातून आणावी.